बांगड्यांचा आहेर आणि नेतृत्वाचा प्रश्न

आपल्या विद्यालयात दरवर्षी ३ जानेवारीस, सावित्रीमाईंच्या जयंतीनिमित्त, आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा होते. माजी विद्यार्थ्यांना ती स्मरत असेल. विहारासमोरच्या मंडपात सतरंजीवर मुलेमुली दोन बाजूंना बसतात आणि मागे पालक उभे असतात. दोन वर्षांपूर्वी या स्पर्धेसाठी ‘सार्वजनिक नेतृत्वासाठी पौरुष आवश्यक आहे’ असा विषय आम्ही सुचविला. सुचविताना तो आम्हांस सोपा वाटला होता. फुले-आंबेडकरांच्या विचारांवर वाढलेली आपली मुले प्रतिकूल बाजूच मागतील, अनुकूल बाजूसाठी वक्ते शोधावे लागतील, असा आमचा कयास होता. प्रत्यक्षात चौदापैकी नऊ स्पर्धकांनी अनुकूल बाजू मागितली, आणि त्या नवांत तीन मुली होत्या.

दहावीतील एका विद्यार्थ्याचे भाषण विशेष रंगले. नेता निर्भय हवा, कणखर हवा, शत्रूच्या डोळ्याला डोळा भिडविणारा हवा, असे सांगून त्याने शेवटी आवाज चढविला, “अन्याय होत असताना गप्प बसायला आपण काय बांगड्या भरल्या आहेत?” मंडप टाळ्यांनी दणाणला. त्या टाळ्यांत मुलींच्याही टाळ्या होत्या. त्यानंतर नववीतील एक मुलगी उठली. ती एवढेच म्हणाली, “माझ्या आईने वीटभट्टीवर मुकादमाशी भांडून आमची बुडालेली मजुरी घेतली. तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या. विषयात पौरुष असा शब्द आहे, त्याचा अर्थ मला सरांनी सांगावा.” आणि ती खाली बसली. पाच मिनिटांपैकी एक मिनिटही तिने वापरले नव्हते. परीक्षक आम्हीच होतो. वेळेचा उपयोग न केल्याबद्दल आम्ही तिचे गुण कापले आणि पहिला क्रमांक त्या दहावीच्या विद्यार्थ्याला दिला.

त्या मुलीने विचारलेला अर्थ सांगण्याचा हा प्रयत्न आहे. दोन वर्षे उशीर झाला आहे, हे मान्य.

प्रथम आमच्याकडील एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही महाविद्यालयात शिकत असताना शिष्यवृत्ती कित्येक महिने थकली होती. वसतिगृहातील मुलांनी एका कार्यालयावर मोर्चा नेला. निवेदने देऊन झाली होती, घोषणा झाल्या होत्या. या खेपेस साहेबांना बांगड्यांचा आहेर करायचा असे ठरले. आम्ही दोघे-तिघे बाजारात कासारणीकडे गेलो आणि एक डझन हिरव्या बांगड्या मागितल्या. तिने नेहमीप्रमाणे विचारले, “कुनाच्या मापाच्या?” आम्ही खो खो हसलो. ताटात त्या बांगड्या, हळदकुंकू आणि एक खण घेऊन आम्ही मोर्चाच्या पुढे चाललो. आमच्या मागे वस्तीतील पन्नाससाठ आया-मावश्या होत्या. त्यांनी त्या दिवसाचा रोज बुडविला होता, आणि निळे झेंडे त्यांच्याच हातांत होते. परतताना भाजी विकणाऱ्या एक मावशी आमच्याजवळून चालत होत्या. त्या म्हणाल्या, “त्याच बांगड्या आमच्या बी हातात हायेत की रं.” आम्हांस वाटले, मावशींना विनोद कळला नाही.

आता अर्थाकडे वळू. पुरुष म्हणून जन्माला येणे ही शरीराची गोष्ट आहे. पौरुष ही समाजाने त्या शरीरावर चढविलेली अपेक्षा आहे. स्त्री असणे आणि स्त्रीत्व यांतही तोच भेद. अभ्यासक यासाठी ‘लिंगभाव’ असा शब्द वापरतात. कोणी रडावे, कोणी मोठ्याने बोलावे, सभेत कोणी पुढे बसावे, चहा कोणी आणावा, हे निसर्गाने ठरविलेले नाही. आपली भाषा मात्र ते निसर्गाने ठरविल्यासारखे बोलते. घर चालविणाऱ्याला आपण ‘कर्ता पुरुष’ म्हणतो. स्त्री घर चालवीत असली तर ‘पुरुषासारखी उभी राहिली’ म्हणतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव लावण्याची तरतूद केली, तरी भाषेतला कर्ता बदललेला नाही.

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. मराठी मनाला पुरुषाला ‘माउली’ म्हणण्यात काही वावगे वाटत नाही. वारकऱ्यांनी विठ्ठलाला आई केले. आमच्या आयाबायांच्या ओव्यांतून बाबासाहेब कधी बाप, कधी भाऊ, तर कधी माय होऊन येतात. पराक्रमी स्त्रीला ‘मर्दानी’ म्हणतात आणि तोही गौरवच समजला जातो. पण पुरुषाला ‘बाई’ म्हटले की ती शिवी होते. म्हणजे माय म्हटले तर मान आणि बाई म्हटले तर अपमान. आई सर्वांना पूज्य असते. स्त्री मात्र आई होण्यापूर्वी आणि आई असण्यापलीकडे कोणीतरी असते, तिच्यासाठी या भाषेत मानाची जागा अपुरी आहे. बांगड्यांचा आहेर याच जागेवर उभा आहे. तो ज्या अधिकाऱ्याला दिला जातो त्याचा अपमान होतो असे आपण समजतो, परंतु ज्या हातांचे ते भूषण आहे त्या हातांचा अपमान केल्यावाचून तो होऊच शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा सगळा उच्चवर्णीयांच्या घरातील प्रश्न आहे. आपल्या समाजात स्त्री शेतात राबली, गिरणीत राबली, तिला उंबऱ्याआड कोणी ठेवलेच नव्हते. यात तथ्य आहे. आणि आपल्या पुरुषांच्या मनात पौरुषाचा प्रश्न इतका खोल का रुतला, यालाही इतिहास आहे. तो थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण त्यावाचून आपण त्या दहावीच्या मुलावर अन्याय करू.

कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत महार सैनिकांनी प्राण दिले, त्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. पुढे इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा भेद रूढ केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला; बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे स्वतः सैनिकी परंपरेतील होते. ज्यांच्या अनेक पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांना सरकारने सांगितले की तुम्ही लढवय्ये नाहीत. गावाने तर आधीच सांगितले होते की तुम्ही माणूसच नाहीत. अशा स्थितीत ‘आम्ही शूर आहोत’ हे म्हणणे ‘आम्ही माणूस आहोत’ असे म्हणण्याचाच एक प्रकार होता. १९२७ च्या पहिल्या दिवशी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभास मानवंदना देण्यासाठी गेले, ते याच अर्थाने. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ज्या घरांत आनंद झाला, त्या घरांना हे समजावून सांगावे लागले नाही. १९७२ मध्ये ज्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली त्यांनी वाघाच्या जातीच्या प्राण्याचे नाव घेतले, तेही गावोगावी होणाऱ्या अत्याचारांना उत्तर म्हणून.

म्हणून आपल्या समाजातील पुरुषाचा ताठ कणा ही टिंगल करण्याची वस्तू नव्हे. अडचण पुढे सुरू होते. माणूस म्हणून उभे राहण्यासाठी जो शब्द आपण हाती घेतला तो ‘मर्द’ हा होता, आणि त्या शब्दात निम्मी माणसे मावत नाहीत.

शौर्य आणि पौरुष यांची गाठ सोडविण्याचे काम आपल्याच धम्माच्या आरंभी झालेले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा मांडली, ती आजारी, म्हातारा आणि प्रेत पाहून घर सोडणाऱ्या राजपुत्राची नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि दोन्ही पक्षांची माणसे नेमून चौकशी करावी असे सुचविले. त्यावर त्याला क्षत्रियाच्या धर्माची आठवण करून देण्यात आली. लढणे हाच क्षत्रियाचा धर्म, असा तो युक्तिवाद होता. मतदान झाले आणि सिद्धार्थ हरला. पुढे सैन्यात दाखल होण्यासही त्याने नकार दिला, आणि कुटुंबावर बहिष्कार येऊ नये, जमीन जप्त होऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली.

हा प्रसंग आम्ही वर्गात कितीदा शिकविला असेल! परंतु तो एका दृष्टीने आम्ही कधी वाचलाच नव्हता. ती सभा म्हणजे नेतृत्वात पौरुष कोणते, याच प्रश्नावरचा वाद होता. सेनापतीच्या मते शस्त्र उचलील तोच पुरुष. सिद्धार्थाने शस्त्र नाकारले, बहुमताविरुद्ध एकट्याने उभा राहिला आणि परिणाम स्वतःवर घेतले. यातील भित्रा कोण? आमच्या त्या कासारणीकडे शाक्यांचे तरुण गेले असते तर त्यांनी बांगड्या सिद्धार्थासाठीच घेतल्या असत्या.

दुसरी कथा सोमा थेरीची. ती संयुत्त निकायात आहे. सोमा ध्यानास बसली असता मार येऊन तिला म्हणतो की, ऋषींनाही जे पद मिळण्यास कठीण, ते दोन बोटांची प्रज्ञा असलेल्या स्त्रीला कसे मिळणार? दोन बोटे म्हणजे काय, याचा खुलासा अट्ठकथेत आहे. बायका लहानपणापासून भात रांधतात, तरी तो शिजला की नाही हे त्यांना शीत दोन बोटांत दाबून पाहिल्यावाचून कळत नाही, म्हणून ही हेटाळणी. (भात शिजला की नाही हे पुरुषाला न दाबता कळते, असा दावा मारानेही केलेला नाही.) सोमेचे उत्तर असे की, चित्त एकाग्र असेल आणि ज्ञान जागे असेल तर स्त्रीपणाने काय फरक पडतो, मी स्त्री आहे, मी पुरुष आहे, असे ज्याच्या मनात चालू असते त्यालाच माराने जाऊन हे विचारावे. ‘मी पुरुषाइतकीच समर्थ आहे’ असे ती म्हणत नाही. मोजण्याची काठीच ती बाजूला ठेवते.

अर्थात परंपरेत सारेच इतके सरळ नाही. महाप्रजापती गौतमीला संघप्रवेश आनंदाने मध्यस्थी केल्यानंतर मिळाला आणि त्यासोबत आठ गुरुधम्म आले, असे विनयपिटक सांगते. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे, हा त्यांतला पहिला. बुद्धामुळे भारतीय स्त्रीची अवनती झाली असा आरोप झाला तेव्हा बाबासाहेबांनी ‘महाबोधी’ या नियतकालिकात १९५१ साली त्याला सविस्तर उत्तर दिले, आणि स्त्रियांविषयीची काही वचने ही मागाहून भिक्षूंनी घुसविलेली असावीत असे साधार मांडले. आमचे मत असे की, ग्रंथातले प्रत्येक वाक्य सांभाळण्यापेक्षा त्या काळी घर सोडून, डोक्यावरचे केस कापून, पायी वैशालीपर्यंत गेलेल्या त्या स्त्रियांकडे पाहावे. मागणी घेऊन निघालेला तो मोर्चाच होता, आणि त्याचे नेतृत्व गौतमीने केले.

आता आपल्या चळवळीकडे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यानंतर बाबासाहेब स्त्रियांपुढे स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेची खूण असलेले जाडजूड दागिने टाका, लुगडे घोळदार नेसा, मुलींना शिकवा, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला जेवू घालू नका, अशा आशयाचे ते भाषण होते. त्याच मुक्कामात स्त्रियांनी लुगडे नेसण्याची रीत बदलली. हातातील आणि अंगावरील वस्तूचा अर्थ कोण ठरविणार, हा त्यामागचा प्रश्न होता. म्हणूनच बांगडीचा विषय आम्हांस किरकोळ वाटत नाही.

पंधरा वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तिबाई पाटील. हजारोंच्या संख्येने स्त्रिया आल्या होत्या. त्या गर्दीचे आपण कौतुक करतो, पण तेथे झालेले ठराव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? नवऱ्यापासून विभक्त होण्याचा कायदेशीर हक्क मिळावा. पुरुषाच्या बहुपत्नीत्वास बंदी असावी. गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच असाव्यात. स्त्री कामगारांना रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे. मुलींसाठी वसतिगृहे काढावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना राखीव जागा असाव्यात. हा मजकूर कोणाही परिपक्व राजकीय पक्षाचा जाहीरनामा व्हावा असा आहे. यांत कोठेही ‘आम्ही अबला आहोत, आम्हांला सांभाळा’ नाही, आणि ‘आम्ही मर्दानी आहोत’ असेही नाही. स्थानिक संस्थांतील राखीव जागांची मागणी घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामीण भागात एक तृतीयांशापुरती मान्य झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले.

आणि मग ‘सरपंचपती’ हा शब्द जन्मास आला. सही बाईंची, खुर्चीत नवरा. ग्रामसभेत बोलणारा तो, आणि सत्कारास हार घालून घेणाराही तोच. आपल्या वस्त्यांत असे होत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मागे एका गावी आम्ही व्याख्यानास गेलो असता सरपंच म्हणून ज्यांचा परिचय करून देण्यात आला ते गृहस्थ सरपंच नव्हतेच. सरपंच आत आमच्यासाठी पोहे करीत होत्या. त्यांच्या हातचे पोहे आम्ही खाल्ले आणि व्याख्यान स्त्रीमुक्तीवर दिले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक टोचणारी गोष्ट म्हणजे विस्मरण. १९४२ च्या परिषदेतील आणि एकूण चळवळीतील स्त्रिया आपल्या पुस्तकांतून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्या नावातला ‘ही’ आपल्याला उद्देशून आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले, ते कित्येक वर्षे नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून ठेवले. त्याच बेबीताईंनी निंबुरे येथे मागास मुलांसाठी निवासी शाळा काढली. आपल्यासारखीच ती शाळा. नाशिकच्या शांताबाई दाणी तर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या काळापासून सभा गाजवीत होत्या, सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, पुढे विधान परिषदेवर गेल्या.

उलट बाजूचा एक सापळाही सांगितला पाहिजे, कारण हल्ली तो अधिक दिसतो. वादविवादात प्रतिकूल बाजूच्या दोन मुलांनी असे मांडले की, स्त्री स्वभावतःच करुणामय असते म्हणून तिने नेतृत्व करावे. ऐकायला हे गोड आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, स्त्रीने खुर्चीत बसूनही हसतमुख राहावे. ती रागावली, हिशेब मागू लागली की तिचे स्त्रीत्वच संपले. करुणा ही स्त्रियांच्या वाट्याची वस्तू नाही. सायंकाळच्या वंदनेत आपली मुले जे मेत्तसुत्त म्हणतात, त्यात एकुलत्या पुत्राला जिवापलीकडे जपणाऱ्या आईचे मन सर्व प्राणिमात्रांविषयी धारण करावे असे सांगितले आहे, आणि परंपरेनुसार ते अरण्यात राहणाऱ्या भिक्षूंना, म्हणजे पुरुषांना, सांगितले आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली. हिंदू कोड बिलासाठी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडले. रमाई गेल्या तेव्हा तोच माणूस कित्येक दिवस शोकात एकांती बसला होता. त्यात कोणाला पौरुष उणे दिसले नाही.

आता आपल्या घरचे. ही स्मरणिका तयार करताना आतापर्यंतच्या संस्थाध्यक्षांची आणि माजी विद्यार्थी संघाच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे एकत्र केली. एकही स्त्री नाही. भोजनगृह सांभाळणाऱ्या, रात्री आजारी मुलांच्या उशाशी बसणाऱ्या ताईंची छायाचित्रे शोधली, तर ती कार्यक्रमांच्या मोठ्या चित्रांत कडेला, ताट घेऊन उभी असलेली सापडली. मुलांसाठी ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे असते. मुलींना साडेसहाला वसतिगृहात परतावे लागते. हा नियम सुरक्षेसाठी आम्हीच, शिक्षकांच्या बैठकीत, एकमताने केला होता. ग्रंथालय आणि मुलींचे वसतिगृह यांत अंतर दीडशे पावलांचे आहे. मधला दिवा बंद पडला होता, म्हणून नियम झाला. दिवा पुढे लागला, नियम राहिला.

ज्या मुलीचे गुण आम्ही कापले होते ती यंदा अकरावीस तालुक्याच्या गावी आहे. दिवाळीच्या सुटीत ती आली असता आम्ही तिला हा लेख वाचून दाखविला. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “मग सर, विषय बदलणार का?” यंदा ३ जानेवारीस विषय असा आहे: ‘आपल्या वसतिगृहाचे नियम कोणी करावेत?’ परीक्षक म्हणून तीन माजी विद्यार्थिनींनी येण्याचे मान्य केले आहे.

माजी विद्यार्थी संघाची सर्वसाधारण सभा त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ग्रंथालयात होईल. नऊपर्यंतचे ग्रंथालय मुलींना खुले करण्याचा ठराव आणि कार्यकारिणीच्या निम्म्या जागांचा ठराव, असे दोन विषय पत्रिकेवर आहेत. लहान मुले असल्यामुळे सभेस येता येत नाही असे अनेक भगिनींनी यापूर्वी कळविले होते. मुलांना सांभाळण्याची व्यवस्था भोजनगृहात केली असून त्या कामासाठी आतापर्यंत चार माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे पुरुषांनी, नावे नोंदविली आहेत. पाचवे नाव आमचे आहे. आणखी तिघांची गरज आहे.